तक्रारदाराने अंदाज सांगू नये

शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेताना फॉल्टमास्तरांच्या लक्षात आलं, की आपल्या गाणी ऐकायच्या जुन्या रिसीव्हरची डावी बाजू गप्प आहे. उजव्या स्पीकरमधून गाणं खणखणीत येत होतं. डावा मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात नुसता उभा होता.

मास्तरांची बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बंद पडलेल्या लायनी शोधण्यात गेली होती. 'फॉल्टमास्तर' हे नाव त्यांना तिथेच चिकटलं, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतरही त्यांनी ते निघू दिलं नव्हतं. रिसीव्हर त्यांच्या मुलीच्या वयाचा. मुलगी शिकली, नोकरीला लागली, वेगळी राहायला गेली. रिसीव्हर मात्र फळी सोडून हलला नाही. मागच्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "बाबा, हे धूड किती दिवस सांभाळणार? आता पेल्याएवढा स्पीकर मिळतो." त्यावर मास्तरांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, "ज्या दिवशी याची एक बाजू बंद पडेल, त्या दिवशी मी स्वतः तो उचलून तुझ्या गाडीत ठेवीन."

आज पाच वाजता मुलगी येणार होती. पेल्याएवढा स्पीकर घेऊन, आणि गाडीची डिकी रिकामी करून.

"अहो, ते डावीकडचं ना," शिलाई मशीनवर बसलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "काल मी काय केलं—"

"थांब. तक्रारदाराने अंदाज सांगायचा नाही."

हा मास्तरांचा नियम होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते लोकांचं ऐकत असत. कुणी म्हणे वायर उंदराने खाल्ली, कुणी म्हणे शेजाऱ्याने तोडली. त्या नादात त्यांनी एका वकिलाची अख्खी बाग खणली होती, आणि शेवटी फोन नीट ठेवलेला नव्हता एवढंच निघालं. तेव्हापासून ते दोनच प्रश्न विचारत.

"कधीपासून बंद आहे?"

"कालपासून. पण ते का, ते—"

"का ते मी सांगेन. काय ऐकू येत नाही?"

"डावं. आणि तुम्हाला मी," असं म्हणून मास्तरीणबाईंनी मशीन सुरू केलं.

मास्तर पद्धतशीर माणूस. त्यांनी मागच्या बाजूला जाऊन दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. आता डावा स्पीकर गाऊ लागला आणि उजवा मुका झाला. म्हणजे स्पीकर निर्दोष. वायरी पुन्हा जागच्या जागी लावून त्यांनी टेपकडून येणाऱ्या वायरी उलटसुलट करून पाहिल्या. तरी डावीकडे शांतताच. म्हणजे टेपही निर्दोष. फॉल्ट रिसीव्हरच्या पोटात होता, हे सिद्ध झालं. मास्तर इतके खूश झाले, की फॉल्ट आपल्याच रिसीव्हरमध्ये आहे हे क्षणभर विसरले.

"अहो, पुढचं ते गोल बटण एकदा—"

"पुढच्या बाजूला फॉल्ट नसतो गं. बत्तीस वर्षं मी एक्स्चेंजमधल्या वायरींच्या फ्रेमच्या मागेच उभा राहून काम केलंय. पुढे नुसती शोभा."

रिसीव्हर उघडायचा तर टेबल हवं, म्हणून जेवणाचं टेबल रिकामं झालं. आत अंधार होता, म्हणून शिलाई मशीनचा दिवा गेला, आणि दिव्यामागोमाग मास्तरीणबाईंचं कामही गेलं. झाकणाचा एक स्क्रू घरंगळत कपाटाखाली शिरला. तो काढायला कपाट सरकवलं, ते दारात अडकलं. दुपारचं जेवण दोघांनी ओट्यापाशी उभ्यानेच उरकलं. मग सांध्याला सोल्डरिंगचा डाग द्यायची इस्त्री लावायला प्लग लागला, तर फ्रिजचा काढला.

तीन वाजता मास्तर रिसीव्हरच्या मागे बसून आत डोकावत होते. डावीकडे एक सांधा मळकट, काळपट दिसत होता. बघताक्षणी संशय यावा असाच.

"सापडला," ते शांतपणे म्हणाले. त्यांनी जुना डाग वितळवला, नवा दिला, वर फुंकर मारली. साडेचारला झाकण बसलं. फ्रिजखालून पाण्याचा ओघळ टेबलापर्यंत आला होता, पण यशाच्या वाटेवर असा थोडाफार ओलावा यायचाच. मास्तरांनी दोन्ही स्पीकरच्या मधोमध खुर्ची मांडली, बायकोला शेजारी बसवलं आणि बटण दाबलं.

दिवा लागला. टेप फिरू लागली. आवाज मात्र ना डावीकडून आला, ना उजवीकडून.

मास्तरांनी टेप काढून पुन्हा घातली. त्यांना खरंच वाईट वाटलं. एक बाजू बंद होती तोवर तो फॉल्ट होता, आणि फॉल्टची त्यांना कधीच भीती वाटली नव्हती. आता त्यांनी दिलेला शब्द तेवढा समोर उभा होता.

"अगं," ते हळूच म्हणाले, "सकाळी तू काहीतरी सांगत होतीस."

"मी? छे. अंदाज सांगायचा नसतो ना?"

"अंदाज नको. साक्ष दे."

"मग ऐका. काल मी त्या डाव्या स्पीकरवर टाचण्यांचा डबा ठेवला होता. गाण्यात ढम् झालं की डबा थडथडायचा. म्हणून ते गोल बटण मी पार उजवीकडे फिरवलं. परत फिरवायचं राहिलं."

आवाज डावी-उजवीकडे वाटून देणारं ते बटण पुढे, अगदी मधोमध होतं. काखेत कळसा आणि मास्तरांचा वळसा मात्र कपाट, फ्रिज आणि जेवणाचं टेबल पार करून आलेला. मास्तरीणबाईंनी उठून बटण मध्यावर आणलं, आणि डावा स्पीकर कालची सगळी कसर काढत गाऊ लागला.

उजवा मात्र गाईना. मास्तरांनी बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते मागे बसले होते. मागून जे डावं दिसतं, ते पुढून उजवं असतं. त्यांनी वितळवला तो उजवीकडचा चांगला सांधा होता. चोर सोडून त्यांनी संन्याशाला फाशी दिली होती. आणि इथे तर मुळात चोरीच झाली नव्हती.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

"चल, धर एका बाजूने," मास्तर वायर गुंडाळत म्हणाले. "दिलेला शब्द पाळायला हवा. डिकीत ठेवून येऊ."

"सोडा ती वायर," मास्तरीणबाई म्हणाल्या. उजव्याच्या गप्प बसण्याला कारण हवं म्हणून त्यांनी गोल बटण पार डावीकडे फिरवलं आणि त्या मशीनपाशी जाऊन बसल्या. "गेली तीस वर्षं मी याच्यावर गाणी ऐकत शिवतेय. पेल्यातलं गाणं मला नकोय. तुम्ही आता काही बोलू नका."

मुलगी हातात खोकं घेऊन आली. तिने दारात अडकलेलं कपाट पाहिलं, फरशीवरचं पाणी पाहिलं, वडिलांच्या बोटावरचा भाजल्याचा डाग पाहिला. मग कान देऊन गाणं ऐकलं.

"आई, खरं सांग. दोन्ही बाजू वाजतात?"

मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवला.

"सकाळी उजवी ऐकली, आत्ता डावी ऐकतेय. दोन्ही अगदी खणखणीत आहेत."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. तक्रारदाराचं म्हणणं शब्द न् शब्द खरं असल्याची साक्ष, आयुष्यात पहिल्यांदाच, फॉल्टमास्तर मान डोलावून देत होते.