काचेवरील चक्रास दिलेल्या नजराण्याची हकीकत

श्रीचक्रधर समर्थ. ज्याचे चक्र कोणास न विचारता फिरते, त्यास अगोदर दंडवत आणि मग लेखणी हाती. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, कार्तिक वद्य द्वितीया, ते दिवसापासोन फाल्गुनमासापर्यंत एका डोंगरी राज्यात जे वर्तमान घडले ते लिहावे ऐसी आज्ञा जाहली, म्हणोन लिहिले आहे. राज्याचे नाव लिहू नये ऐसेही आज्ञेत होते, म्हणोन लिहिले नाही. लिहिणाऱ्याचे नाव कोणी पुसिलेच नाही, त्याचा राग धरिला नाही.

राज्य लहान, गड मात्र उंच, गडावर माणूस अकराशे, आणि पिण्याचे पाणी दोन टाक्यांत, एक थोरले व एक धाकटे. त्या साली दोन्ही टाक्यांच्या तळास चिरा पडोन पाणी पाझरू लागले, आणि पाथरवटांनी उतरोन पाहिले आणि सांगितले की चैत्राआधी चुना भरिला तर ठीक, नाही तर गड खाली करावा लागेल. मग प्रत्येक टाक्यास चार लक्ष, ऐसे आठ लक्ष रुपये पाणीखाती वेगळे काढिले आणि काम पौषात धरावे ऐसे ठरले. राज्याचे धनी श्रीमंत गंगोजीराव महाराज, शूर, उदार, देहाने धिप्पाड, परंतु आजोबांच्या वेळेपासोन लढाईच नाही, तेव्हा हातास काम नाही. ऐशा रिकाम्या हाती मोबाईल आला आणि मोबाईलवर चक्राचा खेळ आला. काचेवर तीन चाके, चाकांवर लिंबे, घंटा आणि साताचे आकडे, बोट लाविले की चाके फिरतात, चित्रे जुळली की पैका येतो आणि न जुळली की जातो. महाराजांस खेळ फार आवडला, आणि दरमहा खासगीचे वीस हजार त्यात घालावे ऐसे त्यांनी आपणच ठरविले. ठरविण्यात महाराज नेहमी तत्पर असत.

जामदारखान्यावर, म्हणजे खजिन्यावर, विसाजी केशव म्हणोन गृहस्थ होते, चष्मा जाड, बोलणे थोडके. खेळाच्या शेवटी बारीक अक्षरांचे नियमांचे पान असते, जे जगात कोणी वाचीत नाही, ते यांनी दोन वेळा वाचिले, आणि मग सदरेवर येऊन मुजरा करून बोलिले, "महाराज, चक्रे सारी एका जातीची नव्हेत. प्रत्येकाची लहर निराळी. मंद लहरीचे चक्र घडोघडी देते, पण चिमूटभर. उग्र लहरीचे चक्र दोनशे वेळा काही देत नाही, आणि एखादे वेळी ओंजळ भरते. उग्रापाशी बसावयाचे तर थैली खोल आणि डाव लहान पाहिजे. आणि लहर कोणतीही असो, ते शंभर घेते, शहाण्णव माघारी देते आणि चार आपणापाशी ठेविते. हे चार कोणासच चुकत नाहीत." महाराजांनी बाकी काही न ऐकता पुसिले, "मंद लहरीवर कोण खेळते?" विसाजी बोलिले, "ज्यास थोडक्यात करमणूक पाहिजे तो. कारकून, शिक्षक, आम्हीसुद्धा." महाराज हासले आणि बोलिले, "मग ते तुम्हांस. राजास उग्रच शोभते." येणेप्रमाणे लहरीची निवड थैली पाहोन न होता मान पाहोन जाहली. विसाजी चष्मा पुशीत माघारी गेले, आणि खरे लिहावयाचे तर आम्ही सर्वांनी तेव्हा माना डोलाविल्या.

आता या दरबारची एक रीत सांगितली पाहिजे, कां की सारा घोळ तिच्यातोनच उठला. कोणी रयत किंवा सरदार नजराणा घेऊन आला, तर महाराजांनी त्यास बोट लावावे आणि तैसाच माघारी द्यावा. मान घ्यावा, पैका घेऊ नये, ऐसे सात पिढ्यांचे वळण. तेव्हा चक्राने पहिल्याने तीन हजार दिले तो महाराजांचे मन प्रसन्न जाहले, ते बोलिले, "चक्राने नजर केली," आणि बोट लावोन ते तीन हजार पुन्हा चक्रातच घातले. मग आठ हजार आले, तेही स्पर्श करोन माघारी. मग एकवीस हजार आले, दरबारी लोकांनी वाहवा केली, आणि तेही माघारी गेले. विसाजींनी हात जोडोन विनविले की आलेला पैका आधी बाहेर काढावा, मग पुढील बोट लावावे. महाराज बोलिले, "नजराणा ठेवोन घेणारा राजा तुम्ही पाहिला आहे काय?" तैसा राजा कोणीच पाहिला नव्हता.

खासगीचे वीस हजार चार दिवसांत सरू लागले, कां की एकेक डाव पाचशेचा, आणि उग्र चक्र तर दोनशे डाव कोरडे जाण्यात मुरलेले. मग महाराजांनी पाणीखात्यातोन उसने घेतले, आणि गेलेले परत आणावे म्हणोन डाव हजाराचा केला, आणि तेही गेले, आणि पुन्हा घेतले. पौष आला, पाथरवट आले, त्यांस पुढील महिन्यात या म्हणोन सांगितले. माघ शुद्ध पंचमीस विसाजींनी हिशेब केला तो तीन महिन्यांत खासगीचे साठ हजार आणि पाणीखात्याचे पाच लक्ष चक्राच्या पोटात, आणि पाणीखाती शिल्लक तीन लक्ष. त्यांनी तो कागद महाराजांकडे न नेता राणीसाहेब दर्याबाई यांजकडे नेला. बाईसाहेबांनी वाचिले आणि पुसिले, "तीन लक्षांत एक तरी टाके होते का, विसाजीपंत?" ते बोलिले, "नाही बाईसाहेब. एकास चार पाहिजेत. पाथरवट उधारीवर दगड उचलीत नाहीत." बाईसाहेबांस फार वाईट वाटले, कां की टाक्यावर हंडे घेऊन येणाऱ्या बायका त्यांच्या नावानिशी ओळखीच्या होत्या. कागद पदरात बांधोन त्या सदरेवर गेल्या.

तो सदरेवर गलका. त्याच समयी उग्र चक्राने तीन सात एका ओळीत आणिले होते आणि एक लक्ष बारा हजार दिले होते. शिंग वाजविले, पेढे मागविले, मानकरी उठोन मुजरे करू लागले, आणि महाराजांनी नजराण्यास स्पर्श करावयास बोट पुढे केले. बाईसाहेब जवळ येऊन हळूच बोलिल्या, "थांबावे. एक विचारते, मग खुशाल बोट लावावे. नजराणा कोण कोणास देतो?"

महाराज बोलिले, "लहान देतो मोठ्यास. हे काय विचारणे?"

"आणि मोठा माघारी देतो?"

"देतो. न देईल तो राजा कसला."

"मग कार्तिकापासोन पाच लक्ष साठ हजार आपण चक्रास दिले. त्याने ते ठेवोन घेतले. तर या दोघांत लहान कोण, एवढे सांगावे."

महाराजांचे बोट काचेपाशी तैसेच राहिले, आणि चेहरा प्रथम लाल, मग पांढरा जाहला, आणि डोळ्यांत पाणी आले ते आम्ही पाहिले. मग ते बोलिले, "आम्ही यंत्राचे मांडलिक जाहलो. आम्हांस कोणी सांगितले कसे नाही?" विसाजी खाली पाहात बोलिले, "सांगितले होते महाराज. लहरीबरोबरच सांगितले होते. ते चार." मग महाराजांनी मोबाईल विसाजींच्या हाती दिला आणि आज्ञा केली की हा नजराणा नव्हे, ही लूट, आणि लुटीस आम्ही बोट लावोन सोडीत नाही, ती आधी खजिन्यात जाते. एक लक्ष बारा हजार तेच क्षणी बाहेर काढोन पाणीखाती जमा जाहले. मग नवा कायदा लिहिला. खेळास महिन्यास दोन हजार, तेही खासगीचे. चक्र मंद लहरीचे, डाव दहा रुपयांचा. दोन हजार सरले की महिना सरला, गेलेले आणावयास मागोन कुमक पाठविणे नाही, आणि आलेले आधी बाहेर. पाणीखात्याच्या किल्ल्या बाईसाहेबांपाशी. महाराजांनी सही केली आणि खाली आपल्या हाताने लिहिले, "राजास काय शोभते हे जामदारास विचारून ठरवावे." विसाजींनी तेवढेच दोन वेळा वाचिले.

चार लक्ष पाथरवटांस दिले, उरलेले बारा हजार चुना वाहणाऱ्या गाढवांस गेले, आणि फाल्गुनात थोरले टाके तळापासोन नवे जाहले. धाकट्यास पैका उरला नाही. ते कोरडे राहिले. अकराशे माणसांस पिण्यापुरते पाणी पुरले, कोणी गड सोडिला नाही. वाड्यातील स्नानाचे पाणी मात्र बंद जाहले, ते बंद करण्याचा हुकूम महाराजांचाच.

एकूण तात्पर्य इतके. तीन महिने, एक चक्र, दिले पाच लक्ष साठ हजार, हाती आले एक लक्ष बारा हजार, टाकी दोन त्यांतील एक नवे जाहले. लिहिणाऱ्याने पदरचे काही घातले नाही. सांप्रत महाराज प्रातःकाळी नऊशे पायऱ्या उतरोन नदीवर स्नानास जातात आणि चढताना एक भरला हंडा खांद्यावर आणितात, कोणास हात लावू देत नाहीत. तो हंडा बाईसाहेबांच्या स्नानाचा आहे.