कुंपणावरचं ‘लवकरच’

काकूंनी नवऱ्याचा शर्ट बादलीतून बाहेर काढला, उजेडाकडे धरला आणि बाहीवरचा डाग नाकाशी नेऊन हुंगला.

“आज हिरवा,” त्या म्हणाल्या. “काल गंजासारखा होता, परवा काजळीसारखा. अहो, तुम्ही तिथं रंगवताय तरी काय?”

“भिंती,” काका म्हणाले.

“कसल्या भिंती?”

“उभ्या.”

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. काका रंगारी. शहराच्या टोकाला जे मोठं थीम पार्क आहे, त्यात पत्र्याच्या कुंपणाआड एक नवाकोरा भाग उभा राहत होता आणि काका तिथं कामाला होते. पहिल्याच दिवशी सगळ्या कामगारांकडून सही घेतली होती : आत काय चाललंय ते बाहेर कुणालाही सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. आता असल्या कागदावर सही करून संध्याकाळी बायकोला सगळं सांगून टाकणारी माणसं जगात भरपूर आहेत. पण काका पडले सरळमार्गी. ते झोपेतसुद्धा बरळायचे नाहीत. काकूंनी कान लावून पाहिलं होतं.

काकू रोज शिवणाच्या दुकानात कामाला जात, ती बस त्याच कुंपणावरून जायची. निळा पत्रा, त्यावर माणसाच्या उंचीची अक्षरं : ‘तुम्ही कधीच पाहिलं नसेल असं जग. लवकरच!’ दोन वर्षं काकू ते ‘लवकरच’ वाचत होत्या. ऊन खाऊन खाऊन अक्षरं फिकी पडली, उद्गारचिन्हाचं टिंब गळून गेलं, तरी लवकरच ते लवकरच. एकदा बसथांब्याजवळ पत्र्याला खिळ्याचं भोक सापडलं, तेव्हा काकूंनी त्याला डोळा लावला. पलीकडे डबा खात बसलेला एक माणूस घास हातात धरून त्यांच्याकडेच बघत होता. दुसऱ्या दिवशी भोकावर चिकटपट्टी!

त्यांना पाळण्यात बसायची हौस होती असं नाही हं. पाळणा नुसता बघितला तरी काकूंना गरगरायचं. त्यांची ओढ वेगळीच होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि हे काम लागेपर्यंत काकांनी रंगवलेली एकही भिंत काकूंनी बघितली नाही असं झालं नव्हतं. काम संपलं की येणाऱ्या रविवारी काका त्यांना घेऊन जायचे. शाळा असो, दवाखाना असो, नाहीतर कुणाचं दुकान. काकू पदर खोचून भिंतीसमोर उभ्या राहायच्या आणि एक खोट काढायच्या. “तिथं ओघळ आलाय बघा.” काका पिशवीतून ब्रश काढून ओघळ पुसायचे, मग दोघं कुठंतरी बसून चहा प्यायची. एवढंच. पण दोन वर्षांत असा एक रविवार आला नव्हता. माणूस सकाळी जातो, संध्याकाळी दमून येतो, मधला अख्खा माणूस त्या पत्र्यामागं राहतो, असं त्यांना वाटायचं.

आणखी एक सांगायला हवं. काकूंना अख्खी गल्ली लख्खकाकू म्हणायची. पाहुण्यानं पाण्याचा पेला खाली ठेवून हात मागं घ्यायच्या आत पेला धुऊन फळीवर गेलेला असायचा. एकदा वीजबिल द्यायला आलेल्या माणसाचे बूट त्यांनी पुसून दिले होते. बिचारा पुन्हा दारात उभा राहिला नाही, बिल खालूनच सरकवायला लागला.

तर एका संध्याकाळी काका घरी आले आणि चक्क हसले.

“झालं काम. उद्या सुट्टी. परवा सकाळी वरून वॉर्निशचा एक पक्का हात मारला की सुटलो. अकरा वाजता मोठ्या मॅडम बघायला येणार. त्यांच्या पसंतीस उतरलं की पुढच्या महिन्यात उघडणार.”

“आणि नाही उतरलं तर?”

“तर आमचं नशीब,” काका म्हणाले आणि जेवता जेवता पेंगायला लागले.

काकूंची झोप मात्र उडाली. ‘नाही उतरलं तर’ हे शब्द सकाळपर्यंत डोक्यात घोळत होते. आणि नेमकी सकाळीच तळमजल्यावरची मुकादम दारात उभी! ती त्याच पार्कात सफाईच्या कामावर देखरेख करायची.

“काकू, माझ्या दोन बायका आजारी पडल्यात. आजचा दिवस येता का? नव्या भागात फक्त जमीन झाडायचीय. भुसा, खिळे, कागद, एवढंच.”

नव्या भागात! काकूंनी आत घोरणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि सव्वीस वर्षांतली पहिली थाप मारली. “अहो, मी बहिणीकडे जाऊन येते.” पिशवीत तारेची घासणी, दोन ब्रश, सोडा आणि व्हिनेगरची बाटली टाकली.

“केर काढायला एवढं कशाला?” मुकादम म्हणाली.

“हाताशी असलेलं बरं,” काकू म्हणाल्या.

गेटवर त्यांच्याकडूनही तीच सही घेतली, गळ्यात पास अडकवला आणि पत्र्याचं दार उघडलं.

काकू उभ्याच राहिल्या. समोर दगडी गल्ली वळत गेली होती. दोन्ही बाजूंना बसकी घरं, लाकडी सज्जे, कंदिलांचे खांब, आणि छपरांच्या वर एका जहाजाच्या डोलकाठ्या. ‘बाई गं,’ त्या मनात म्हणाल्या, ‘हे माझ्या नवऱ्यानं रंगवलं?’ ऊर भरून आला. एक मिनिट. फार तर दीड. मग त्यांची नजर सवयीप्रमाणे कोपऱ्यांकडे गेली, आणि भरून आलेला ऊर धाडकन खाली बसला.

सज्ज्याखाली शेवाळ. बिजागऱ्यांखाली गंजाचे ओघळ. खिडक्यांवर काजळी. भिंतीला हाताएवढे ओलीचे डाग. आणि उद्या मोठ्या मॅडम येणार!

यामागं कोण असणार हे काकूंना लगेच कळलं. सव्वीस वर्षं ऐकत आल्या होत्या त्या. रंग देऊन झाला की सुतार, गवंडी, वायरमन सगळ्यांना नेमका त्याच भिंतीला पाय टेकून उभं राहायचं असतं. माणसानं दोन वर्षं राबून रंग दिला आणि या मेल्यांनी त्याची ही दशा केली! दोष मात्र रंगाऱ्याला.

त्या चार पावलं पुढं गेल्या आणि थबकल्या. गल्लीच्या वळणावर एक निळा दरवाजा होता. पोपडे निघालेला, खालची फळी फुगलेली, कडीभोवती काळाकुट्ट. लग्न झाल्यावर दोघं सहा वर्षं एका भाड्याच्या खोलीत राहिली, त्या खोलीला असलाच दरवाजा होता. सहा वर्षं काकूंनी तो घासला, पण कडीजवळचं काळं काही गेलं नाही. ते शल्य त्यांच्या मनात अजून होतं.

“इथंही आलास का?” काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

दोन हात मारले नाहीत तोच तपकिरी पाणी वाहायला लागलं. दहा मिनिटांत दरवाजा आरशासारखा निळा! सहा वर्षांत जे जमलं नव्हतं ते दहा मिनिटांत. मग काय, काकूंच्या अंगात आलं. शेजारची भिंत घेतली, मग खिडक्या, मग सज्जे. बाकीच्या बायकांनी पाहिलं, त्यांना वाटलं वरून हुकूम बदलला. त्यांनीही झाडू ठेवून फडकी घेतली. मुकादम पलीकडे जहाजापाशी होती, ती तीन वाजता आली तोवर गल्ली नुसती चमकत होती.

“भिंती कुणी धुवायला सांगितल्या?” ती म्हणाली.

“सांगायला कशाला लागतंय? दिसत नव्हतं का?”

मुकादमनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. “छान झालंय पण,” ती म्हणाली. “नाव होईल आपलं.”

त्या संध्याकाळी काकूंच्या पोटात आनंद मावत नव्हता, पण सही केलेली! सांगणार कसं? सकाळी त्यांनी काकांचा डबा नुसता ठासून भरला आणि दारात उभं राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या.

सव्वाआठला फोन वाजला.

“अगं,” काकांचा आवाज ओळखू येत नव्हता, “सगळं गेलं.”

“काय गेलं?”

“घाण!”

“मग बरंच झालं की!”

“बरं काय झालं? हातानं केली होती ती! दोन वर्षं एकेक डाग बसवला होता मी. तीनशे वर्षांपूर्वीचं बंदर आहे गं ते! पक्का हात आज मारायचा होता, म्हणून पाण्यानं सगळं सुटलं. कुणी मेल्यानं घासून काढलंय, देव जाणे.”

हिरवा डाग, गंजाचा डाग, काजळीचा डाग. दोन वर्षं बादलीत धुतलेले सगळे शर्ट काकूंच्या डोळ्यांसमोरून गेले.

“मेल्यानं नाही हो,” त्या बारीक आवाजात म्हणाल्या. “मेलीनं.”

कालचा पास पिशवीत होताच. काकू रिक्षा करून पोचल्या तेव्हा काका त्या निळ्या दरवाजासमोर रंगाचा डबा उलटा टाकून बसले होते. चार-पाच रंगारी लांब उभे होते. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत.

“हा दरवाजा ओळखला नाहीस?” त्यांनी विचारलं.

“ओळखला म्हणून तर पहिला घासला.”

“आठवून आठवून केला होता. बाकी सगळं पार्कवाल्यांनी दिलेल्या चित्रांवरून, हा एकच माझ्या मनानं. उघडल्यावर पहिल्या रविवारी तुला इथं आणून उभं करायचं, म्हटलं बघू, ही कुठं खोट काढते.” काका डोळे चोळायला लागले. “दोन वर्षं तेवढंच डोक्यात होतं बघ.”

काकूंना रडू फुटलं. ज्या रविवारासाठी त्या झुरत होत्या, त्याच रविवारासाठी हा माणूसही झुरत होता, आणि त्यांनी तो सोडा टाकून धुऊन काढला होता. डोळे पुसायला त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, नाक शिंकरलं आणि दरवाजाकडे पाहिलं.

“खोट होतीच पण,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“काळं तुम्ही कडीभोवती केलं होतं. आपल्या दाराला ते वर होतं, इथं. माझ्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या असायच्या. मी दार कोपरानं ढकलायची.”

काका हळूहळू उठले. “किती वाजले?”

“नऊ.”

“दोन तास आहेत,” काका म्हणाले. “सांग.”

आणि लख्खकाकू सांगायला लागल्या! घाण कुठं बसते हे घाणीच्या वैऱ्याइतकं कुणाला कळणार? “पायरीच्या मधे नको, माणसं मधून चालतात, कडेला भरा. त्या खिडकीला वरच्या फळीवर धूळ, खाली नको, खाली कोपर टेकतात. अहो, तिथं कशाला शेवाळ? तिथं ऊन येतं!” काल गोळा केलेल्या केराची पोती मुकादमनं परत आणून गल्लीत उलटी केली. उपाहारगृहातून उरलेला चहा बादलीनं आला आणि भिंतींवर गेला. कंदिलाची काजळी आली, कुंड्यांतली माती आली. निळा दरवाजा काकूंनी स्वतः केला. काजळीत कोपर बुडवायचं आणि दार ढकलायचं, सहा वर्षं ढकललं होतं तसं. काका मागून पक्का हात मारत येत होते.

अकरा वाजता मोठ्या मॅडम आल्या. गल्लीत शिरल्या आणि बोलायच्या थांबल्या. पुढं सगळं बंदर फिरून आल्या आणि पुन्हा त्याच निळ्या दरवाजापाशी उभ्या राहिल्या. कोपराच्या उंचीवरच्या त्या काळ्या डागाकडे कितीतरी वेळ बघत होत्या.

“ही गल्ली कुणी केली?”

काका पुढं झाले. त्यांनी काकूंना दंडाला धरून पुढं ओढलं. काकूंच्या दोन्ही कोपरांना काजळी, कपाळावर चहा. काय झालं ते त्यांनी खरं खरं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.

मॅडम हसल्या नाहीत. “बाकीचं बंदर रंगवल्यासारखं दिसतं,” त्या म्हणाल्या. “इथं कुणीतरी राहून गेलंय असं वाटतं. मला सगळं असंच हवं.”

“सगळं म्हणजे?” काकांनी विचारलं.

“सगळं. जहाजसुद्धा. उद्घाटन आठ महिने पुढं ढकला. आणि या बाईंना कामावर घ्या.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. आठ महिने! रविवार हाताशी आला होता, तो त्यांनी स्वतःच्या कोपरानं आठ महिने लांब ढकलला होता. “निदान आज तरी म्हणाना, दार कसं झालंय,” त्या कुजबुजल्या.

“आज नाही,” काका म्हणाले. “ते रविवारी. लोकांसारखं तिकीट काढून येऊ, तू खोट काढायची, मग चहा.”

आठवडाभरानं काकू बसमधून कामावरून घरी निघाल्या होत्या. शेजारी धाकटी बहीण होती. कुंपणापाशी दोन माणसं शिडीवर चढून ‘लवकरच’ची फिकी अक्षरं नव्यानं रंगवत होती. उद्गारचिन्हाला टिंबही मिळालं होतं.

“ताई, तू आत जातेस ना आता? काय आहे गं?”

“भिंती.”

“कसल्या?”

“उभ्या.”

“जा बाई!” बहीण चिडली. “पोरं माझा जीव खातात रोज, कधी उघडणार म्हणून. आता म्हणे आणखी आठ महिने! कुणी घोळ घातलाय कुणास ठाऊक.”

पत्रा मागं जाईपर्यंत मान वळवून काकू डोलकाठ्यांची टोकं बघत राहिल्या. मग काजळी भरलेली नखं त्यांनी पिशवीखाली लपवली.

“उघडेल गं,” त्या म्हणाल्या. “लवकरच.”