सहावी चूल

खीमसिंग पांगतींनी अंगणातून समोरच्या पंचाचूली डोंगराचे नऊ फोटो काढले, ते जोडून एक लांबलचक चित्र केलं, सहा फुटी छपाई करवून जीपवाल्याबरोबर हल्द्वानीला धाडली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, गोविंदीने, घरी राहिलेल्या लहान प्रतीवर बोट ठेवून शिखरं मोजली.

"पाच पांडवांच्या पाच चुली," ती म्हणाली. "हा सहावा कुठून आला जेवायला?"

खीमसिंगांनी चष्मा पुसला आणि मोजलं. मग उलट बाजूने मोजलं. सहाच.

चित्र थोरल्या बहिणीसाठी होतं. रुक्मादिदीला दम लागायचा, म्हणून डॉक्टरांनी तिला मुनस्यारीचं हे उंचावरचं घर सोडायला लावलं होतं. हल्द्वानीला मुलाच्या घरी तिच्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसे. अंगणातून दिसतो तसा सगळा डोंगर पाठव, एवढंच तिने मागितलं होतं. सत्तर वर्षांत तिने धाकट्या भावाकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

निवृत्त पोस्टमास्तर असल्यामुळे खीमसिंगांनी आधी पुस्तक मागवलं आणि कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी ते दोनदा वाचलं. कॅमेरा तिपाईवर सपाट हवा, प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा तिसरा हिस्सा यायला हवा, आणि सुरुवात केल्यावर मध्ये थांबायचं नाही. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघही ओढली होती. पण पाचव्या फोटोला गोविंदीने चहा निवतोय म्हणून हाक मारली, आणि चाळीस वर्षांत तिला 'थांब' म्हणायचं त्यांना कधी जमलं नव्हतं. परत आले तेव्हा मघाचं राखाडी शिखर सोनेरी झालं होतं. संगणक चहाआधीचा आणि नंतरचा फोटो जोडायला तयार होईना. खीमसिंगांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असणार. म्हणून त्यांनी ते हाताने जोडले. राखाडी ते तिसरं, सोनेरी ते चौथं, असं एकच शिखर दोनदा बसलं. मधला सांधा बुजवायला दोन संध्याकाळी गेल्या. तो इतका छान बुजला, की आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं.

आता त्यांनी भाच्याला फोन केला. आईने चित्र पलंगासमोर लावून घेतलंय, दिवसभर बघत बसते, असं तो म्हणाला. डोळे अधू झालेल्या बाईला आपण खोटा डोंगर विकला, असं खीमसिंगांना वाटत राहिलं. दिदीला यातलं काही सांगू नकोस, असं त्याला बजावून ते पुन्हा तिपाई घेऊन बसले. आठ दिवस ढग हलेनात. नवव्या पहाटे आभाळ निवळलं. उद्या चहा नको असं त्यांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. गोविंदीने जेवायलाही हाक मारली नाही.

या वेळी पाच आली. गोविंदीने मोजून खात्री केली. नवी छपाई हातात आल्यावर खीमसिंगांनी दिदीला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. चहासुद्धा.

"मी पहिल्याच दिवशी मोजली होती, खीमू."

"मग बोलली का नाहीस?"

"तू जेवला नसतास आठवडाभर. तुला मी ओळखत नाही?"

"बरोबर असलेलं उद्याच्या जीपने पाठवतो. ते जुनं काढून टाक."

"पाठवू नकोस," दिदी म्हणाली. "पाच मला डोळे मिटूनही दिसतात रे. रात्री दम लागून बसते ना, तेव्हा रोज तीच बघते. त्या सहाव्यासाठी मात्र डोळे उघडावे लागतात."

खीमसिंगांनी उगाच फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"आणि आणखी एक," दिदी जरा आवाज उतरवून म्हणाली. "इथल्या शेजारणींना मी सांगितलंय, की सहावं फक्त आमच्याच अंगणातून दिसतं. मेमध्ये चौघी येणार आहेत बघायला."

"दिदी, त्यांना मी काय दाखवू?"

"पाच दाखव. सहावं ढगात आहे म्हणून सांग, आणि चहाला बसव."