फौजदारकाका आणि भिंतीपलीकडच्या कोंबड्या

फौजदारकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आमच्या सोफ्याचा पंचनामा केला.

"सदर सोफा तपकिरी. उजव्या हातावर चहाचा डाग. डाग पुरुषाने पाडलेला."

"पुरुषाने कशावरून?" मी विचारलं.

"बाईने पाडला असता तर वर विणलेला रुमाल दिसला असता."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं ते काका जाईपर्यंत खाली घेतलं नाही.

काका साताऱ्याकडचे. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, म्हणून मुलाने आखातात, दोह्याला आणून ठेवलं. अल नस्रमधल्या आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. खातं सुटलं तरी काकांची भाषा सुटली नव्हती. सून सुनंदा त्यांच्यापुढे ताट ठेवी आणि काका म्हणत, "सदरची आमटी अळणी आहे. फिर्याद नाही, नोंद घ्यावी." नातवंडं इंग्रजी शाळेतली. "आजोबा, प्लीज, नो मोअर क्वेश्चन्स," म्हणून पळायची. घरात उलटतपासणीला माणूस उरला नाही, तेव्हा काका आमच्याकडे वळले.

निमित्त टीव्हीचं. इंग्रजी चॅनलवर दर गुरुवारी संध्याकाळी एक ब्रिटिश मालिका लागायची. पोलिसातून रिटायर झालेला एक डिटेक्टिव्ह, समुद्राकाठच्या गावात एकटा राहतो आणि लोकांच्या खासगी भानगडी शोधून देतो. काकांना इंग्रजी यथातथाच. पण अडचण ती नव्हती. दोह्याला प्रत्येक मालिकेवर कात्री चाले. चुंबन दिसलं, कात्री. दारू दिसली, कात्री. आणि या डिटेक्टिव्हचे निम्मे संशयित दारूच्या गुत्त्यात बसणारे! माणूस दारातून आत शिरायचा आणि पुढच्या क्षणी थेट त्याची अंत्ययात्रा. मध्ये काय झालं ते देव जाणे.

देव आणि फौजदारकाका. "दाखवलं नाही ना, तिथेच गोम आहे," असं म्हणून काका कापलेला भाग आम्हाला रचून सांगत. पुढे एकाने लंडनहून त्याच मालिकेची अख्खी व्हिडिओ कॅसेट आणली. आम्ही लावली. काकांनी सांगितलं होतं तसंच सगळं होतं, अगदी मेलेल्याच्या हातातल्या ग्लासासकट.

"काका, हा माणूस रिटायर होऊनही का धडपडतो हो?" ह्यांनी एकदा विचारलं.

"रिटायर माणसाला घरात कुणी काही विचारत नाही," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मग तो बाहेरच्यांना विचारत सुटतो."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात इमारत रिकामी झाली. बहुतेक बायकामुलं सुट्टीला भारतात गेली, मी, सुनंदा आणि इमारतीतल्या कारखानीसबाई एवढ्याच मागे राहिलो होतो. बाहेर धुळीचं वादळ, खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, एसीची घरघर आणि जिन्यात वाऱ्याची शीळ. अशा एका दुपारी मी स्वयंपाकघरात उभी होते आणि शेजारच्या भिंतीपलीकडून कोंबड्या ओरडल्या.

मी गॅस बंद केला. पुन्हा कोंबड्या. मग एका बाईचा आवाज, "ती ती ती... तांबडी खंय गेली मेली?"

आणि पुरुषाचा, "येतली गो. खंय जातली!"

दोह्यात, तिसऱ्या मजल्यावर, धुळीच्या वादळात.

पलीकडे परब राहत. देवगडकडचा माणूस, क्रेन चालवायचा, दोन शब्द बोलला तर त्यातला एक खोकला. बायकोसह चार वर्षं इथे होता. मागच्या वर्षी बाई गावी गेली. परब सुट्टी घेऊन जाऊन आला, आणि आल्यावर दाराबाहेर पुन्हा बायकी चपला दिसू लागल्या. बाई मात्र कुणी पाहिली नाही. विचारलं की परब म्हणायचा, "तां निजलांहा." मालवणीत बाईमाणसाला 'तां' म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. पण एवढं कोण निजतं?

मी काकांना सांगितलं. सांगायला नको होतं असं क्षणभर वाटलं, कारण काकांचे डोळे असे चमकले की जणू सरकारने त्यांना परत कामावर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून काका परबच्या दारात उकिडवे. चपला उचलून पाहिल्या, उलट्या केल्या, वास घेतला. बाल्कनीत वाळणारं लुगडं खालून गळ्यात दुर्बीण अडकवून न्याहाळलं. कचऱ्याची पिशवी तपासली. मग आमच्या सोफ्यावर बसून निकाल दिला.

"सदर चपला रोज पुसल्या जातात. पण पाय पडल्याची खूण नाही. दोरीवर लुगडं आहे. परकर नाही, पोलकं नाही. नुसत्या लुगड्यात कोणती बाई वावरते? कचऱ्यात पीस नाही. सारांश, कोंबड्या नाहीत आणि बाईही नाही."

"मग आवाज कुणाचा?"

"दाखवलं नाही ना," काका हळूच म्हणाले, "तिथेच गोम आहे. बाई मयत आहे. आणि हा इसम लपवतो आहे. का लपवतो, ते मी काढणार."

मला त्या रात्री भिंतीकडे पाठ करून झोपवेना, आणि तोंड करूनही झोपवेना.

त्यात कारखानीसबाईंची भर. आमची इमारत फक्त कुटुंबांसाठी होती. एकट्या पुरुषाला इथे खोली मिळत नसे, त्याने कंपनीच्या कँपात जायचं असा नियमच. कारखानीसबाईंच्या घरात दोन तरण्या मुली. काकांचा निकाल त्यांच्या कानावर गेला, आणि त्यांनी इमारतीच्या मालकाच्या माणसाला फोन करून कळवलं, परबच्या घरात बायको नाही.

मालकाचा माणूस शुक्रवारी दुपारी आला. उंच, अदबशीर सुदानी. पण दारापाशी येऊन अडला. परक्याच्या घरात शिरून त्याची बायको दाखव म्हणणं इथल्या रीतीत बसत नाही. काका, कारखानीसबाई आणि मी जिन्यात जमलो होतो. परब दार अडवून उभा. "मदाम सो रहा है," एवढंच म्हणत होता.

सुदान्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याची नजर काकांवर थांबली. "बाबा, तुम पुराना पुलिस. बुजुर्ग आदमी. तुम अंदर जाके शूफ करो, देखो. तुम बोलेगा मदाम है, तो खलास. नहीं है, तो ये आदमी आज कँप जाएगा."

काकांनी बंडी नीट केली. मला म्हणाले, "पंचनाम्याला पंच लागतो. चला."

परब बाजूला झाला.

आत खोली झाडूनपुसून लख्ख. पडदे ओढलेले. पलंगावर कुणी नाही. खिडकीपाशी एक खुर्ची, खुर्चीवर उशी, आणि उशीवर टेपरेकॉर्डर. कॅसेट फिरत होती. तेव्हा गावाकडून पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची पद्धत होती. लिहिता न येणाऱ्या बायका अंगणात बसून टेपमध्ये बोलायच्या, आणि मागचा सगळा संसार आपोआप भरला जायचा. तांबडी कोंबडी कुठे गेली म्हणून बाई विचारत होती; भिंतीपलीकडून तिला उत्तर देणारा आवाज परबचाच होता. खुर्चीसमोर चहाचे दोन कप होते, दोन्ही भरलेले.

परब दारातल्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला. "मी पोचाच्या आदीच तां गेलां. हय चार वर्सां होतां, ह्याच खोलयेत. माका हयसून काडल्यानी, तर तां माका खंय सोदतलां?"

काका खुर्चीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता 'सदर' येणार. आला नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग टोपी घातली आणि बाहेर आले.

"मदाम है," काका खणखणीत आवाजात म्हणाले. "बीमार है. पर है. ये ताई भी देखा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "हाँ."

"खलास," सुदानी म्हणाला, परबला सलाम करून निघून गेला. कारखानीसबाईही पदर सावरत गेल्या.

जिन्यात मी काकांना गाठलं. "काका, खोटा पंचनामा?"

"नोकरीत असताना एकदाही केला नाही," काका म्हणाले. "आता नोकरी कुठे आहे?"

त्यानंतर काका गुरुवारचे आमच्याकडे यायचे बंद झाले. सुनंदाला वाटे ते आमच्याकडे आहेत, आम्हाला ठाऊक होतं ते परबकडे आहेत. एकदा मी सुनंदाला सासूबाईंबद्दल विचारलं. ती म्हणाली, "अचानक गेल्या. बाबा यात्रेच्या बंदोबस्तावर होते, पोचलेच नाहीत. घरात फोटो आहे. पण बाबा म्हणतात, फोटो काय करायचा, तिचा आवाज आठवत नाही मला."

एका गुरुवारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेर ह्यांनी मालिका लावली होती. भिंतीपलीकडे कोंबड्या ओरडून झाल्या, तांबडी हरवून सापडली. ती कॅसेट एव्हाना मला तोंडपाठ झाली होती. मग काकांचा आवाज आला. इतका हलका की आधी मी ओळखलाच नाही.

"बंदोबस्तावर होतो गं. निरोप मिळाला तेव्हा उशीर झाला होता. मी निघालो होतो. खरंच निघालो होतो गं."

आणि मग त्या बाईचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरासा दमलेला.

"असांदे, असांदे. आदी जेवन घेवा."

हे वाक्य मी त्या कॅसेटमध्ये कधी ऐकलं नव्हतं. कॅसेटची दुसरी बाजू असेल, मी स्वतःला सांगितलं. नक्कीच दुसरी बाजू. तरी माझे कणकेचे हात परातीत तसेच राहिले. भिंतीपलीकडे एक म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडत होता, आणि मला त्याच्यासाठी फार बरं वाटत होतं.