साळिंदरांची सुबत्ता

एका जंगलात, मुलांनो, दोन प्रकारचे प्राणी राहत होते. आधीपासून राहणारे आणि नंतर आलेले. आधीपासून राहणाऱ्यांची गोष्ट सांगण्यासारखी नाही. ते आपले सुखी होते. नंतर आलेल्यांची मात्र सांगायलाच हवी, कारण त्यांचं नुसतं सुखी असून भागत नव्हतं. त्यांना कुणापेक्षा तरी जास्त सुखी असायचं होतं.

नंतर आलेले म्हणजे साळिंदरं आणि मुंगसं. साळिंदरांच्या पणजोबांच्या जंगलाला वणवा लागला, म्हणून ती उत्तरेकडून आली. मुंगसांच्या पणजोबांचं जंगल पुरात गेलं, म्हणून ती दक्षिणेकडून आली. दोघंही एकाच वर्षी इथल्या डोहाकाठी येऊन टेकली. एकांनी डोहाच्या अलीकडे बिळं केली, दुसऱ्यांनी पलीकडे. दोघांनी सारखीच मेहनत केली, सारखेच टक्केटोणपे खाल्ले, आणि चार पिढ्यांनंतर दोघांकडे सारखंच होतं. म्हणजे फारसं काही नव्हतं.

पण हे दिगंबरपंतांना सांगायची सोय नव्हती.

दिगंबरपंत हे साळिंदर समाजोन्नती मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या अंगावरचे निम्मे काटे गळून गेले होते, पण उरलेले अजून ताठ होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाच विषयाचा अभ्यास केला होता. साळिंदरं पुढे की मुंगसं? दर वर्षी स्नेहसंमेलनात ते यावर दीड तास बोलत.

"प्रत्येक साळिंदराच्या अंगावर काटे किती? हजारोंनी! आणि मुंगसाच्या अंगावर? एकही नाही!"

टाळ्या.

"आपल्या बिळाला दारं किती? तीन! आणि मुंगसांच्या? एक! तेसुद्धा वाळवीने सोडलेल्या वारुळाचं!"

पुन्हा टाळ्या. श्रोत्यांच्या पोटात सकाळपासून काही गेलेलं नसे, तरी टाळ्या जोरात पडत. घरी जाताना सगळ्यांना जरा जेवल्यासारखं वाटे.

मुंगसं अशी तुलना करत नव्हती असं समजू नका. तीही करत असतील. पण ती काही आपल्यातली नाहीत, तेव्हा त्यांचं त्यांच्या गोष्टीवाल्याने सांगावं. आपण आपल्या साळिंदरांपाशी राहू.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. डोह आटत आटत एखाद्या मोठ्या घंगाळाएवढा उरला. तेव्हा सिंहमहाराज जागे झाले. (गोष्ट आहे, म्हणजे राजा सिंह असणारच.) त्यांनी हुकूम काढला की डोहाला आता एवढी तोंडं झेपणार नाहीत. नंतर आलेल्या दोन समाजांपैकी एकाने उठून टेकड्यांपलीकडच्या माळावर राहायला जावं. जो समाज जास्त खाऊनपिऊन सुखी असेल त्याने जावं, कारण त्याला ते सोसेल. कोण सुखी आहे ते बगळेसाहेब घरोघर जाऊन ठरवतील.

माळावर पाणी नव्हतं. तिथे राहायचं आणि दोन टेकड्या ओलांडून पुन्हा याच डोहावर पाण्याला यायचं, असा तो हुकूम होता.

आधीपासून राहणाऱ्यांपैकीच कुणी का जाऊ नये, असं तुम्ही विचाराल. मुलांनो, असं विचारायचं नसतं.

दिगंबरपंतांची लेक कुमुद त्या वेळी बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलीच खेप. दिवस भरत आले होते आणि बिळाच्या दारातून बाहेर पडतानाही तिला धाप लागायची.

"बाबा," ती म्हणाली, "मला दोन टेकड्या चढवणार नाहीत हो. त्या साहेबांना सांगा, आमच्याकडे काही नाही. मी खोटं बोला म्हणत नाही. खरंच काही नाही."

पंतांचा लेकीवर फार जीव होता.

"सांगतो ना, बाळ. आम्ही गरीब आहोत, असं छाती पुढे काढून सांगतो!"

"छाती तेवढी पुढे काढू नका," त्यांची बायको गोदूबाई आतून म्हणाल्या.

पंतांनी लगेच मंडळाची सभा बोलावली. पाहणी होईपर्यंत सर्वांनी गरीब दिसावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मग सराव झाला. पंत विचारत, "काय, कसं काय?" आणि सगळी साळिंदरं मान तिरकी करून म्हणत, "चाललंय आपलं कसंबसं." हे मात्र सगळ्यांना पहिल्या फटक्यात जमलं. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही.

पाहणीचा दिवस उजाडला. साळिंदरं तर दिवसा झोपतात, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण सरकारी पाहणी दहा ते पाच असते. त्यामुळे सगळी साळिंदरं डोळे चोळत, उन्हात मिचमिच करत आपापल्या दारात बसली होती.

बगळेसाहेब आधी मुंगसांकडे जाऊन आले होते. पंतांच्या दाराशी ते एका पायावर उभे राहिले. चोचीत काडी धरून त्यांनी पानावर नाव टिपून घेतलं.

"परिस्थिती कशी काय?"

"चाललंय आपलं कसंबसं," पंत म्हणाले. फार छान म्हणाले. कुमुदला आत हायसं वाटलं.

साहेबांनी ते लिहून घेतलं. काम झालं होतं. ते निघालेच होते, पण चार शब्द बोलावेत म्हणून थांबले.

"पलीकडे त्या यमुनाक्कांकडे गेलो होतो. मुंगसांच्या म्होरक्या त्या. मला म्हणाल्या, साहेब, आज घरात काही नाही, पाणी देते, बसा. इथेही तेच दिसतंय. अगदी मुंगसांसारखंच."

पंतांचे काटे खाडकन उभे राहिले.

"मुंगसांसारखंच?"

"हो. फरक असा काही दिसत नाही."

मुलांनो, पंतांना कुणी चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. चाळीस वर्षांचा अभ्यास बिचाऱ्यांचा, आणि हा एका पायाचा माणूस म्हणतो, फरक दिसत नाही!

"साहेब, बसा," पंत म्हणाले. "आमच्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी देण्याची पद्धत नाही."

आत कुमुदने डोळे मिटून घेतले.

पंत आत आले. "अगं, ते ताट काढ."

ते ताट म्हणजे पळसाच्या पानावर मांडलेली सात कोनफळं. सगळ्या समाजात मिळून तेवढीच उरली होती. संमेलनाच्या जेवणासाठी मंडळाने ती अध्यक्षांच्या घरी ठेवली होती.

"ते मंडळाचं आहे," गोदूबाई म्हणाल्या. "आणि पोरीचं काय?"

पंत घुटमळले. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"एका ताटाने कुणी श्रीमंत ठरत नाही," ते म्हणाले. "दाखवायचं आणि परत आणायचं. बगळा कंद खातो थोडाच?"

हे खरं होतं. बगळेसाहेब मासे खाणारे. त्यांनी ताटाकडे पाहून "वा!" म्हटलं, काहीतरी लिहिलं आणि ताट जसंच्या तसं आत गेलं. एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित निभावून गेलं असतं.

पण शेजारच्या बिळात विश्वासराव भिंतीला कान लावून बसले होते. पंतांकडे कोनफळं निघाली आणि आम्ही काय नुसतं कसंबसं म्हणायचं? त्यांची बायको मागच्या दाराने गोदूबाईंकडे आली.

"वहिनी, ते ताट पाच मिनिटं द्या हो. साहेब आता आमच्याकडेच येतायत."

गोदूबाईंच्या मनात नव्हतं. पण शेजारणीला नाही कसं म्हणायचं?

मग काय विचारता. बिळांना तीन तीन दारं होती, ती त्या दिवशी खरी उपयोगी पडली. साहेब पुढच्या दाराने निघत तोवर ताट मागच्या दाराने पुढच्या घरी पोचलेलं असे. पाचव्या घरी घाईत एक कोनफळ घरंगळून कुठेतरी गेलं. त्याच्या जागी चिखल फासलेला एक गोटा ठेवण्यात आला. तो बाकीच्यांपेक्षा टपोरा दिसत होता, आणि साहेबांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं.

प्रत्येक घरी साहेब विचारत, "परिस्थिती कशी काय?" प्रत्येक घरी मान तिरकी करून उत्तर येई, "चाललंय आपलं कसंबसं." साहेब ताटाकडे बघत, उत्तर ऐकत आणि लिहीत: श्रीमंत, पण नम्र.

शेवटच्या घराशी कुमुद स्वतः येऊन उभी राहिली. एवढं चालून ती घामाघूम झाली होती. पंत साहेबांबरोबर होतेच. आपला समाज दाखवायला अध्यक्ष नकोत का?

"साहेब," ती म्हणाली, "हे एकच ताट आहे. सकाळपासून हेच सगळीकडे फिरतंय. त्यातला एक तर दगड आहे. आमच्याकडे काही नाही हो."

साहेबांनी पंतांकडे पाहिलं. सगळी साळिंदरं पंतांकडे पाहू लागली.

पंतांना एक शब्द बोलायचा होता. "खरं आहे" म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो शब्द त्यांच्या जिभेवर आलासुद्धा. पण मग हे डोहापलीकडे कळेल, मुंगसं हसतील, पुढच्या संमेलनात काय बोलायचं...

"पोर चेष्टेखोर आहे," पंत हसून म्हणाले. "लहानपणापासून अशीच."

साहेबही हसले. "घरात थट्टामस्करी चालते म्हणजे पोटं भरलेली आहेत," असं म्हणून त्यांनी तेही लिहिलं.

कुमुद हळूहळू परत निघाली. तिच्याकडे बघून पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बोललेला शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. साळिंदरं मुंगसांपेक्षा कितीतरी पटींनी सुखी ठरली. महाराजांनी त्यांना 'समृद्ध समाज' असं सन्मानपत्र दिलं आणि दोन दिवसांत माळावर जायला सांगितलं. पंतांनी सन्मानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सवयीने थोड्या टाळ्या पडल्या. मग कुणीतरी विचारलं, "म्हणजे आता पाणी?" आणि टाळ्या थांबल्या.

जायच्या दिवशी साळिंदरांची रांग डोहाच्या कडेने निघाली. यमुनाक्का वाटेत उभ्या होत्या. उन्हाने त्याही वाळून काटकुळ्या झाल्या होत्या.

"पंत," त्या म्हणाल्या, "पोरीला घेऊन कुठं चाललाय या उन्हात? राहू दे की आमच्यात. जागा नाही, पण आम्ही जरा सरकून बसू."

"छे छे, अक्का," पंत म्हणाले, "आमची तिकडे सगळी व्यवस्था झालीय."

कुमुद रस्त्यातच खाली बसली.

"मी राहते, अक्का," ती म्हणाली.

गोदूबाईंनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं आणि त्याही लेकीशेजारी बसल्या. पंत दोघींकडे बघत राहिले. मागची रांग खोळंबली होती, अध्यक्षांनी पुढे व्हायला हवं होतं. ते पुढे झाले.

पंधरा दिवसांनी माळावर निरोप आला. कुमुदला जुळं झालं होतं, तिघंही सुखरूप होती. पंतांना आनंदाने रडू फुटलं. तसेच उठून ते भर उन्हात निघाले. माळावर आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब नव्हता. पहिली टेकडी त्यांनी चालत ओलांडली, दुसरी जवळजवळ घसरत. डोहापलीकडच्या वारुळाशी पोचले तेव्हा त्यांची जीभ टाळूला चिकटली होती.

नातवंडं मऊ होती. त्यांचे काटे अजून काटे झाले नव्हते. पंतांनी दोघांना हुंगलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. दोन्ही पोरं एका म्हाताऱ्या मुंगसाच्या शेपटीवर डोकं ठेवून झोपली होती.

यमुनाक्का पानाच्या द्रोणात पाणी घेऊन आल्या. आठदहा मुंगसं कौतुकाने भोवती जमली होती.

"घ्या पंत. उन्हाचे आलात."

पंतांनी द्रोणाकडे पाहिलं. द्रोण काठोकाठ भरलेला होता. मग त्यांनी भोवतालच्या मुंगसांकडे पाहिलं.

"नको नको," ते म्हणाले. आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाले. "आत्ताच पिऊन निघालो. माळावर पाण्याची काही ददात नाही आम्हाला. उलट जरा जास्तच होतं."

कुमुद बापाचे फुटलेले ओठ बघत होती. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त कीव आली.

"अक्का," ती म्हणाली, "सगळ्यांना जरा पलीकडे तोंड करून बसायला सांगा."

अक्कांनी सांगितलं. सगळी मुंगसं पाठ फिरवून बसली. कुमुदने द्रोण बापाच्या तोंडाला लावला. पंत एका दमात सगळं प्यायले. मग पान उलटं करून चाटलं.

"झालं?" मुंगसांनी पाठमोरंच विचारलं.

"झालं," कुमुद म्हणाली.

मुंगसं वळली. पंतांनी मिशा पुसल्या, काटे नीट केले आणि घसा साफ केला.

"तसं बरं आहे," ते म्हणाले. "फक्त जरा कोमट आहे. आमच्या माळावरचं थंड असतं."

तात्पर्य: तहान लागली की पाणी कुणाचंही प्यावं. पिऊन झाल्यावर नाक मुरडायला मात्र विसरू नये, नाहीतर पाणी पचत नाही.