एकविसावा फर्मा

बाइंडिंग खात्यात मास्तरांचा शब्द शेवटचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या खात्याचे ते प्रमुख. पण बोलण्याची ढब अशी, की समोरचा माणूस आपोआप हाताची घडी घालून उभा राहायचा. नवीन कोणी कामाला लागलं की पहिल्याच दिवशी त्याला ऐकवलं जायचं, की सव्वीस वर्षं झाली, या हातांतून एक फर्मा उलटा गेला नाही की एक फर्मा गळला नाही. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून होणारी सोळा पानं. असे वीस-बावीस फर्मे क्रमाने रचायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. ऐकायला सोपं आहे, पण मास्तरांसमोर ते सोपं आहे असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

तर या मास्तरांच्या हाती ‘दीपराखा’चा तिसरा आणि शेवटचा भाग आला.

आता ‘दीपराखा’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगाच्या टोकाला एक मनोरा, त्यावर एक दिवा. दिवा विझला की काळोखाची फौज आत घुसणार. तो दिवा राखणारा एक अभागी तरुण. पहिल्या भागात त्याचा बाप गेला, दुसऱ्यात सख्खा भाऊ फितूर झाला, आणि उरली फक्त म्हातारी आई. तिसऱ्या भागात त्याचं काय होणार, या काळजीने दोन वर्षं सगळं शहर वाळत चाललं होतं. चौकातल्या दातांच्या डॉक्टरांची तर कमालच होती. पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून विचारायचे, “तुम्हाला काय वाटतं, वाचेल का तो?” पेशंट बिचारा काय सांगणार!

मास्तर मात्र म्हणायचे, आपण पुस्तकं बांधतो, वाचत बसत नाही. हे साफ खोटं होतं. पहिले दोन्ही भाग त्यांनी कागदांच्या गोदामात रिमांच्या आड बसून वाचले होते, आणि दुसरा भाग संपल्यावर दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. त्यांची बायको तरी उघड वाचायची. ती प्रत्येक भाग दोनदा वाचायची आणि दोन्ही वेळा रडायची.

या वेळी गंमत करायला वाव नव्हता. प्रकाशकबाई स्वतः येऊन सांगून गेल्या होत्या, की दुसऱ्या एका छापखान्याने मागे त्यांच्या पुस्तकाची पानं उलटसुलट लावली होती. यंदा बांधणीची एक जरी तक्रार आली, तरी पुढचं सगळं काम दुसरीकडे जाईल. मालकांनी मास्तरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की बाईंचं काम गेलं तर हे खातं चालवणं परवडणार नाही, आणि खात्यात बारा माणसं आहेत. मास्तर म्हणाले, “निर्धास्त राहा.”

मालक निर्धास्त राहिले आणि फर्मे जुळवायचं यंत्र बंद पडलं. दोनशे प्रती राहिल्या होत्या आणि पुस्तक दुसऱ्या दिवशी दुकानात हवं होतं. मास्तरांनी जुनी पद्धत काढली. लांबलचक टेबलावर बावीस फर्म्यांचे बावीस गठ्ठे ओळीने मांडले. चौघी जणी टेबलाभोवती फेऱ्या मारत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक फर्मा उचलणार आणि शेवटी पुस्तकाचा संच खाली ठेवणार. त्यात जुळणीवाली ताई सगळ्यांत चपळ. पहिल्याच फेरीत ती एकविसाव्या गठ्ठ्यापाशी थबकली आणि जागची हलेना.

“मास्तर,” ती म्हणाली, “तो गेला.”

कोण गेला हे कोणाला विचारावं लागलं नाही. बाकीच्या तिघी धावत आल्या. दिवा विझत होता, तेल संपलं होतं, आणि त्याने स्वतःच त्या दिव्यात उडी घेतली होती. सोळा पानांत लेखिकाबाईंनी त्याला असा काही मारला होता, की चौघीही जागच्या जागी रडायला लागल्या. टपटप पाणी कागदावर पडायला लागलं. ओला कागद सुरकुततो! मास्तर खेकसले. एवढं काय आहे त्यात, बघू, म्हणून तो आणि त्याच्या पुढचा असे दोन फर्मे उचलून कोपऱ्यात गेले, आणि वीस मिनिटांनी तोंड धुवायला नळावर गेले. तिथे त्यांना बराच वेळ लागला.

परत आल्यावर त्यांनी एकविसाव्या गठ्ठ्यावर एक मोठा पुठ्ठा झाकून टाकला. बायकांना सांगितलं, की तुम्ही इकडे बघूच नका, बाकीचे फर्मे उचला, हा एक मी मागाहून स्वतःच्या हाताने घालतो. माणूस भला म्हणायला हवा. काम झपाझप पुढे सरकलं. तेवढ्यात घरून फोन आला.

“अहो, मला खरं काय ते सांगा,” बायको म्हणाली. “जगतो ना तो?”

मास्तरांनी पुठ्ठ्याकडे पाठ केली. मग एकदाचे म्हणाले, “जगतो की. ठणठणीत आहे अगदी.”

आपल्याच तोंडचं ते वाक्य ऐकून त्यांना पुन्हा भरून आलं आणि ते पुन्हा नळावर गेले. इकडे शिलाईवाल्याने बायकांनी रचलेले संच उचलले आणि शिवायला घेतले. शिवून झाल्यावर मास्तर तपासणीला उभे राहिले. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते. सगळे फर्मे क्रमाने लागले की त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात. एक पायरी गाळलेली असली तर आंधळ्यालाही दिसेल. पण मास्तरांना त्या दिवशी सगळ्याच पायऱ्या पाण्यात हलताना दिसत होत्या. “ठीक आहे,” ते म्हणाले आणि दोनशे प्रती टेंपोत चढल्या.

तीन दिवसांनी टेबल आवरताना त्यांनी पुठ्ठा उचलला. खाली एकविसावा फर्मा. एक नाही, दोन नाही, दोनशे!

मास्तर मटकन स्टुलावर बसले. डोळ्यांसमोर बारा माणसं ओळीने उभी राहिली, आणि ती सगळी त्यांच्याकडेच बघत होती. मग टेंपोवाल्याला विचारलं तर कळलं, की त्या दोनशे प्रती चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात उतरवल्या होत्या. निदान एकाच ठिकाणी गेल्या, तेवढंच नशीब. मास्तरांनी फर्मे दोन पिशव्यांत भरले आणि दुकान गाठलं. प्रती अजून पडून असतील, गुपचूप परत घ्याव्यात, हा बेत.

दुकानदार म्हणाला, त्या कधीच संपल्या, तीन तासांतच. शिवाय त्याआधी आलेल्या शंभर चांगल्या प्रतीही संपल्या होत्या.

गल्ल्यापाशी दातांचे डॉक्टर सुजलेल्या डोळ्यांनी उभे होते. शेजारी कपडे शिवणाऱ्या काकू, त्यांचा चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा फुललेला. काकू म्हणत होत्या, किती गोड शेवट केलाय, नाही का? डॉक्टर म्हणाले, तो शेवट वाचून मी दोन दिवस दवाखाना उघडला नाही. काकूंना वाटलं, आनंदाने उघडला नसेल. मास्तरांना सगळं कळत होतं. त्यांनी पिशव्या पायामागे सरकवल्या. निघताना दुकानदाराने आणखी एक बातमी दिली. शनिवारी दुपारी लेखिकाबाई वाचकांना भेटायला दुकानात येणार होत्या, आणि प्रकाशकबाईही.

घरी पोचले तर बायको दारातच उभी, हातात पुस्तक. त्याच दुकानातून आणलेलं.

“तुम्ही फोनवर सांगितलंत ना, तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं,” ती म्हणाली. “वाटलं, मला बरं वाटावं म्हणून बोलताय. पण खरंच जगला हो तो.”

मग तिने शेवट वाचून दाखवला. तो मनोऱ्याची शेवटची पायरी चढतो. लगेच पुढचं पान उलटलं, की सकाळ झालेली. दिवा तेवतोय, फौज पळालीय, आणि म्हातारी आई त्याची खुर्ची पुसते, वाडगा भरते, मनोऱ्याकडे बघून हाक मारते, “ये रे, जेवून घे, निवतंय.” इथे बायकोने आनंदाने डोळे पुसले. मास्तर याच ओळीवर नळावर गेले होते. एकविसावा फर्मा मधे असला, की तीच म्हातारी मेलेल्या मुलाला जेवायला बोलावते. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या आनंदात त्यांनी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही पिशव्या दाराबाहेरच ठेवल्या. त्या आठवड्यात ते फारसं जेवले नाहीत.

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लेखिकाबाई म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक किडकिडीत बाई. त्या खुर्चीच्या कडेवर, आता कोणी शिक्षा सुनावणार अशा धास्तीने बसल्या होत्या. पुस्तक आल्यापासून शेजारी त्यांच्याशी बोलत नव्हते आणि सख्खी बहीण फोन उचलत नव्हती. प्रकाशकबाई बाजूला वही उघडून बसल्या होत्या. मास्तर दोन पिशव्या पायाशी घेऊन भिंतीला टेकून उभे. बायको तिसऱ्या रांगेत.

पहिला प्रश्न डॉक्टरांचा. “त्याला का मारलंत?”

लेखिकाबाई उत्तर द्यायला तोंड उघडतात, तोच काकू उभ्या राहिल्या. “कोणी मारलं? घरी जेवायला आलाय तो!”

मग जे व्हायचं ते झालं. अर्धं दुकान म्हणे मेला, अर्धं म्हणे जेवला. जेवलेल्यांनी मेलेल्यांना अर्धवट वाचणारे ठरवलं, मेलेल्यांनी जेवलेल्यांना निर्दय. कोणीतरी दोन पुस्तकं शेजारी धरली, आणि एकात तीनशे वीसनंतर एकदम तीनशे सदतीस पान निघालं. इतके दिवस हे पुस्तक उराशी धरून झोपलेल्यांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. पण जीव वाचल्यावर पानं कोण मोजतो? प्रकाशकबाईंनी वहीवर पेन टेकवलं आणि थंड आवाजात विचारलं, की ही बांधणी कोणाची.

मास्तर पुढे झाले.

“माझी,” ते म्हणाले. “खात्यातल्या कोणाची चूक नाही, माझी एकट्याची आहे. तो मेल्याचं मला सहन झालं नाही. फर्मा झाकून ठेवला आणि विसरलो. दोनशेच्या दोनशे बरोबर आणलेत. रांगेने या, मी इथेच प्रत्येकाला घालून देतो.”

त्यांनी पिशव्या टेबलावर ठेवल्या, सुई-दोरा काढला आणि वाट बघत बसले. कोणी हललं नाही. काकूंनी पुस्तक पदराखाली घेतलं. बाकीच्यांनी छातीशी घट्ट धरलं, आणि एक जण तर मास्तर हिसकावून घेतील की काय अशा भीतीने दारापर्यंत मागे सरकला. मास्तरांची बायकोकडे बघायची हिंमत होत नव्हती.

मग डॉक्टर उठले. टेबलाशी येऊन त्यांनी आपलं पुस्तक मास्तरांसमोर ठेवलं.

“माझ्यातला काढून द्या,” ते म्हणाले.

मास्तरांनी समजावलं, की डॉक्टर, तुमची प्रत तर चांगली आहे. फर्मा काढायचा म्हणजे मधला दोरा कापावा लागतो, पुस्तक अधू होतं.

“मास्तर, उपटून काढणं हाच माझा धंदा आहे,” डॉक्टर म्हणाले. “त्रास देतंय ते बाहेर. कापा.”

मास्तरांनी दोरा कापला आणि फर्मा बाहेर काढला. मागच्या पानांवर खळीचं बोट फिरवून पुस्तक दाबून परत दिलं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे शेवट वाचला, नाक शिंकरलं आणि दवाखाना उघडायला निघून गेले. जाता जाता प्रकाशकबाईंना तक्रार लिहून घ्यायला सांगायला विसरले नाहीत, की आमच्या प्रतीत एक फर्मा जास्त लागला होता.

तोवर रांग दाराबाहेर गेली होती. मास्तर कापत होते, दुकानदार खळ कालवत होता. प्रकाशकबाईंनी रांगेतली डोकी मोजली. मग त्यांनी वही मिटली आणि मास्तरांच्या कानाशी येऊन सांगितलं, की पुढचं पुस्तक तुमच्याकडेच येईल, फक्त त्यात कोण मरतंय ते तुमच्या खात्याला आधी कळवत जाऊ. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बारा माणसं डोळ्यांसमोरून एकेक करत आपापल्या कामाला परत गेली.

हातात कात्री घेऊन कोणीतरी दोरे कापायला मदत करत होतं. बघतात तर बायको.

“म्हणजे फोनवर खोटं बोललात,” ती हळूच म्हणाली.

“हो.”

“बरं केलंत. पुन्हा विचारलं तरी हेच सांगा.” आणि तिने पुढचं पुस्तक ओढून घेतलं.

रांगेत सगळ्यांत शेवटी लेखिकाबाई उभ्या होत्या. हातात त्यांची स्वतःची प्रत. इकडेतिकडे बघून त्यांनी ती टेबलावर सरकवली.

“माझ्यातलाही निघेल का हो?” त्या म्हणाल्या. “ती सोळा पानं लिहिली तेव्हापासून मला धड झोप नाही.”

मास्तरांनी त्यांचं काम सगळ्यांत निगुतीने केलं.

संध्याकाळी नवरा-बायको घरी निघाले. दोनशे फर्मे घालायला म्हणून गेलेले मास्तर दोनशे त्रेसष्ट फर्मे घेऊन परतत होते, आणि तिसरी पिशवी दुकानदाराकडून उसनी आणावी लागली होती.