तपासनिसांची खूण

बाटल्यांच्या कारखान्यातून तपासनीस निवृत्त झाले आणि आठ दिवसांत पेन्शनचा फॉर्म घरी आला. त्यात दोन चौकोन. पहिला, सगळी रक्कम एकदम घ्या आणि मोकळे व्हा. दुसरा, नवराबायकोपैकी एक जण असेपर्यंत दरमहा थोडे थोडे घ्या. एकावर खूण करून शुक्रवारी पाचच्या आत कचेरीत द्यायचा. एकदा केलेली खूण मग ब्रह्मदेव आला तरी बदलायची नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" असं अक्कांनी नवऱ्याला विचारलं नाही. अडतीस वर्षांत विचारलं नव्हतं, म्हातारपणी वाईट सवय कशाला लावा?

"एकदम घ्यायचे," अक्का म्हणाल्या. "दरमहा चिमणीसारखे दाणे कोण टिपत बसणार?"

"मला आपलं वाटत होतं, महिन्याच्या महिन्याला..."

"तुम्हाला बाटलीतलं कळतं. पैशातलं मी बघते."

तपासनीस गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

खरं कारण जाऊबाई होत्या. त्यांनी नवं स्वयंपाकघर केलं होतं आणि येऊन विचारलं होतं, "ताई, तुमचा अजून तोच ओटा का हो?" अक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. "ओट्याचं काय घेऊन बसलीस? आमची रक्कम येतेय. आम्ही वरचा मजलाच चढवतोय!" मजला कुणाच्या डोक्यातही नव्हता, तो थेट तोंडातूनच निघाला.

बातमीला पाय फुटले. थोरला दुकानातून भरदुपारी घरी आला. "आई, शेजारचा गाळा रिकामा होतोय गं." अक्का म्हणाल्या, "घेऊ." जावई या घरात पंधरा मिनिटांच्या वर कधी टेकले नव्हते, ते पाट ओढून लसूण सोलायला बसले. "जुनी गाडी फार त्रास देते, आई." अक्का म्हणाल्या, "बघू की नवी." शेवटी जाऊबाई आल्या आणि मान खाली घालून बोलल्या, "ताई, आमच्या ओट्याचे हप्ते थकलेत." ती खाली गेलेली मान बघून अक्कांना असं काही गार वाटलं, की त्या म्हणाल्या, "अगं, एवढंच ना? देऊ!"

गुरुवारी त्यांनी बोटांवर हिशोब केला. मजला, गाळा, गाडी, हप्ते. दुसऱ्या बोटावरच रक्कम संपली. भाजीत दोनदा मीठ पडलं.

"छान झालीय भाजी," तपासनीस म्हणाले.

"खारट झालीय!"

"तेच म्हणतो मी."

अक्कांनी कढई आपटली. "दिलेला शब्द परत घेऊ? मी? त्यापेक्षा जीभ छाटून घेईन." हे त्या कढईला सांगत होत्या. तपासनीस पाणी प्यायले आणि हात धुवायला उठले.

शुक्रवारी ते एकटेच कचेरीत जाऊन फॉर्म देऊन आले. पंधरा दिवसांनी पत्र आलं. थोरल्यानं ते सगळ्यांपुढे वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "बाबा, यात दरमहा लिहिलंय!"

"अरेच्चा," तपासनीस म्हणाले. "अरे, कारखान्यात खराब बाटलीवर खूण करायची आणि चांगली पुढे सोडायची. जन्मभराची सवय. नको त्या चौकोनावर हात गेला बघ."

जावयांनी अर्धी सोललेली लसणाची पाकळी खाली ठेवली. जाऊबाई म्हणाल्या, "बाई गं! एवढी मोठी चूक?"

अक्कांच्या छातीवरून धोंड उतरली होती, पण त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या नवऱ्याला मी बोलेन, दुसऱ्यांनी बोलायचं काम नाही. मी द्यायलाच बसले होते. यांचा हात आडवा आला, त्याला मी काय करू?"

लसूण त्या दिवसापासून पुन्हा अक्काच सोलू लागल्या.

पहिलं पेन्शन हातात पडलं, त्या दिवशी कारखान्यातले एक जुने भट्टीवाले चहाला आले. अक्कांनी त्यांना ही गंमत रंगवून सांगितली. भट्टीवाले चक्रावले.

"वहिनी, खराब बाटलीवर खूण? खराब बाटली आम्ही तिथल्या तिथं फोडायचो! खूण चांगल्या पेटीवर. आणि यांचा हात? एवढ्या वर्षांत एकदा चुकला नाही."

तपासनीस कपात काहीतरी पडल्यासारखे आत बघत राहिले. अक्कांनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं.

"भावजी, तुमचं सगळं लक्ष भट्टीत. तपासणीतलं तुम्हाला काय कळतंय? गुमान चहा घ्या."

त्या आत गेल्या, डब्यात तोंड घालून पोटभर हसल्या आणि तोंड पुसून बाहेर आल्या. "अहो, थोडे थोडे साठवून ओटा करू म्हणते. निळी फरशी घालायची की पांढरी? तुम्हाला काय वाटतं?"

अडतीस वर्षांत पहिल्यांदा. भट्टीवाल्यांचा कप हवेतच राहिला. तपासनिसांनी नीट विचार केला.

"निळी."

"पांढरी घालू," अक्का म्हणाल्या.

तपासनिसांनी चहाचा शेवटचा घोट समाधानानं घेतला. त्यांना पांढरीच हवी होती.